‘अवरोध’ की ‘खोळंबा’? : एका परिभाषेची चिकित्सा

संगणकाच्या कार्यप्रणालीत जालावरून मजकूर घेण्याच्या व पाठविण्याच्या दोन रीतींना इंग्रजीत ‘ब्लॉकिंग’ आणि ‘नॉन-ब्लॉकिंग’ अशी नावे आहेत. मराठीत त्यांसाठी ‘अवरोधी’ व ‘अनवरोधी’ हे संस्कृतोद्भव पर्याय सहज सुचतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते निर्दोष होत. अर्थाच्या दृष्टीने मात्र ते कसोटीस उतरत नाहीत.

‘अवरोध’ म्हटला की अडविणारा आणि अडविला जाणारा असे दोघे गृहीत धरावे लागतात. प्रत्यक्षात काय घडते? प्रक्रिया वाचनाची मागणी करते. मजकूर अद्याप आलेला नसतो. तेव्हा कर्नल तिला निजवून प्रोसेसर दुसऱ्या प्रक्रियेच्या हवाली करतो. मजकूर आला की ती पुन्हा जागी होते. येथे कोणी कोणाची वाट अडविलेली नाही. मजकुरावाचून एक प्रक्रिया खोळंबली आहे, इतकेच. यंत्र खोळंबलेले नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ज्या ट्रान्सप्यूटरांवर उभा होता, त्यांत हा भेद स्पष्ट दिसतो. देणारी व घेणारी यांपैकी जी प्रक्रिया आधी सिद्ध होई ती दुसरीसाठी थांबे. त्या अवधीत चिपमधीलच नियोजक तिसरीला काम देई.

रिचर्ड स्टीव्हन्स यांनी ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग’च्या १९९८च्या आवृत्तीत या व्यवहाराचे पाच प्रकार मांडले आहेत. त्यांचे मर्म अकलूजकडील कालव्याच्या पाळीवरून चांगले उमगते. एक शेतकरी पाणी येईपर्यंत चारीच्या तोंडाशी बसून राहतो. दुसरा वारंवार येऊन ‘आले का?’ म्हणून विचारतो आणि नकार घेऊन परततो. ‘ईवुडब्लॉक’ हा तोच नकार. तिसऱ्याची शेते अनेक चाऱ्यांवर आहेत. तो एका जागी बसून कोणत्याही चारीला पाणी आले की उठतो. ‘सिलेक्ट’ची रीत ती हीच. चौथा आपल्या कामास लागतो आणि पाटकऱ्याची हाक आली की येतो. या चौघांनाही दारे मात्र स्वतःच धरावी लागतात. पाचव्याची दारेही दुसराच धरतो, आणि रान भिजल्यावरच त्याला निरोप मिळतो. कालव्याच्या पाळीला वेळापत्रक असते, जालावरील मजकुराला नसते; दृष्टान्ताची मर्यादा येवढीच.

या मांडणीचे खरे मोल दुसऱ्याच ठिकाणी आहे. वाचनाचे टप्पे दोन : मजकुराची प्रतीक्षा, आणि कर्नलकडून प्रक्रियेच्या स्मृतीत त्याची नक्कल. पहिले चार प्रकार केवळ पहिल्या टप्प्यात भिन्न आहेत. म्हणूनच पॉझिक्सच्या व्याख्येने ते चारही समकालिक ठरतात. यास्तव ‘नॉन-ब्लॉकिंग’ आणि ‘एसिंक्रोनस’ यांना एकच प्रतिशब्द देणे म्हणजे दुसरा शेतकरी व पाचवा शेतकरी एकच मानणे होय. शिवाय तिसऱ्याचा खोळंबा नाहीसा झालेला नाही. विखुरलेला होता तो एके ठिकाणी गोळा झाला, एवढेच.

पाठविण्याच्या बाजूस हा घोटाळा अधिक हानिकारक ठरतो. मराठीत ‘पाठविले’ आणि ‘पोचले’ ही क्रियापदे वेगळी आहेत, आणि हा वेगळेपणा प्रोग्रॅमकाराने जपला पाहिजे. टीसीपीच्या सॉकेटवर ‘राइट’ सफल झाले म्हणजे मजकूर कर्नलच्या साठ्यात गेला. पलीकडच्या प्रोग्रॅमाने तो वाचला असे त्यातून सिद्ध होत नाही. न खोळंबणाऱ्या रीतीत तर साठ्यात मावेल तेवढाच अंश स्वीकारला जातो. उरलेला पुन्हा देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची. हे ध्यानी न घेतल्यास मजकूर अर्धवट राहतो.

‘अवरोध’ हा शब्द आणखी एक पूर्वग्रह रुजवितो : अवरोध हा दोषच, म्हणून तो टाळावा. मोजक्या जोडण्यांसाठी खोळंबणारी रीत सरळ, वाचनीय आणि पुरेशी असते. डॅन केगल यांनी १९९९ मध्ये दहा हजार ग्राहकांचा प्रश्न मांडला, तेव्हा अडचण खोळंब्याची नव्हती. प्रत्येक खोळंब्यामागे एक धागा व त्याची स्मृती राखण्याची होती. लिनक्समधील ‘ईपोल’ हे त्यावरील उत्तरांपैकी एक.

तात्पर्य, ‘खोळंबते वाचन’ व ‘बिनखोळंब्याचे वाचन’ हे शब्द कमी भारदस्त असले तरी अधिक खरे आहेत. ‘खोळंबणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. कोण थांबले हे ते सांगते, आणि कोणी अडविले असा खोटा प्रश्न उपस्थित करीत नाही. परिभाषेकडून याहून अधिक अपेक्षा नसते, आणि याहून कमी चालत नाही.