वैमानिकाचीं पदकें आणि प्रशस्तीचें प्रामाण्य

आपल्या भाषेंत हवाई दलांतील अधिकाऱ्यांविषयीं जे चरित्रलेख, गौरविका व मृत्युलेख प्रसिद्ध होतात, त्यांतील सर्वांत कच्चा भाग कोणता असें कोणीं विचारल्यास मी निःशंकपणें पदकांच्या यादीकडे बोट दाखवीन. लढायांचीं वर्णनें एक वेळ अतिशयोक्त असतील, पण तीं लेखकानें कांहीं वाचून तरी लिहिलेलीं असतात. पदकांची माळ मात्र जशी हातीं आली तशी नांवापुढें ओंवून दिलेली असते. तींतील कोणता मणी कशाचा, तो केव्हां मिळाला व कोणीं दिला, याची चौकशी बहुधा होत नाहीं. ताम्रपटाचा तुटका तुकडा सांपडला तरी त्याचें अक्षरवळण, मिति, दात्याचीं बिरुदें आणि साक्षीदार यांची छाननी करणारे आपण, या समकालीन सनदेपुढें मात्र हात जोडून उभे राहतों. पदक ही सनदच आहे. तिला दाता आहे, मिति आहे, निमित्त आहे आणि प्रशस्तीचा मजकूरही आहे. तेव्हां सनद वाचण्याचे जे नियम, तेच तिला लावले पाहिजेत, असें प्रस्तुत लेखकाचें म्हणणें आहे.

उदाहरणादाखल एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगांवकर यांचें नांव घेतों. त्यांचा जन्म १९२० सालीं मुंबईस झाला. १९४० च्या अखेरीस ते हवाई दलांत दाखल झाले. १९४७-४८ च्या काश्मीरच्या युद्धांत त्यांनीं लढाऊ विमानांच्या विभागाचें नेतृत्व केलें. १ फेब्रुवारी १९७६ पासून ३१ ऑगस्ट १९७८ पर्यंत ते हवाई दलाचे प्रमुख होते, आणि २०१५ सालीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. म्हणजे सेवेचीं वर्षें सुमारें अडतीस. मोहिमांचीं व सेवाकालाचीं जीं पदकें सर्वांनाच मिळतात तीं सोडून दिलीं, तर त्यांच्या नांवापुढें दोन पदकें लिहिलेलीं आढळतात : परमविशिष्ट सेवा पदक आणि महावीरचक्र.

या दोन पदकांविषयीं माझ्याच हातून जी चूक झाली ती आधीं सांगतों. अध्यापनाच्या काळांत एका शाळेच्या सभागृहांत लावावयाच्या गौरवफलकाचा मजकूर मीं तयार करून दिला होता. महाराष्ट्रांतील नामांकित सैनिकांचीं नांवें त्यावर होतीं. फलकास शीर्षक घातलें 'शौर्यपदकें', आणि मुळगांवकरांच्या नांवापुढें वरील दोन पदकें वरील क्रमानेंच लिहिलीं. वर्गांत मुलांना असेंही सांगितलें कीं, 'परम' हा शब्द उत्कर्षाची परिसीमा दाखवितो, सबब पहिलें पदक अधिक मोठ्या पराक्रमाचें समजावें. पुढें बऱ्याच वर्षांनीं माझा एक विद्यार्थी, जो हवाई दलांत विमानांच्या यंत्रांची देखभाल करून निवृत्त झाला होता, त्या फलकापाशीं थांबला आणि अत्यंत संकोचानें म्हणाला, "गुरुजी, यांतलें पहिलें पदक शौर्याचें नाहीं." मला प्रथम रागच आला. मग घरीं येऊन पाहूं लागलों, तों त्याचें म्हणणें अक्षरशः खरें निघालें.

वस्तुस्थिति अशी आहे. परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र हीं तीन पदकें शत्रूसमोर दाखविलेल्या शौर्याचीं. तीं २६ जानेवारी १९५० रोजीं स्थापन झालीं, पण त्यांचा अंमल १५ ऑगस्ट १९४७ पासून धरण्यांत आला. विशिष्ट सेवा पदकाची मालिका निराळी. ती १९६० सालीं निघाली, आणि ती असाधारण सेवेबद्दल, शौर्याबद्दल नव्हे. आरंभीं तिचे पहिला, दुसरा व तिसरा वर्ग असे साधे भेद होते. १९६७ सालीं त्यांना परमविशिष्ट, अतिविशिष्ट व विशिष्ट अशीं नांवें मिळालीं. वर्ग पहिला, वर्ग दुसरा हीं नांवें रुक्ष खरीं, पण तीं राहतीं तर माझ्यासारख्याची फसगत झाली नसती. एका शिडीचा 'परम' दुसऱ्या शिडीच्या 'महा'शीं ताडून पाहणें हाच मूळ दोष. छातीवर पदकें लावण्याचा जो सरकारमान्य क्रम आहे त्यांत परमविशिष्ट सेवा पदक महावीरचक्राच्या आधीं येतें, हें खरें आहे. परंतु तो दरबारांतील आसनांसारखा मानाचा क्रम आहे. त्यावरून शौर्याचें तारतम्य काढतां येत नाहीं.

याच जातीचा दुसरा कालविपर्यास अशोकचक्राच्या बाबतींत होतो. रणांगणाबाहेरील शौर्यासाठीं १९५२ सालीं अशोकचक्राचे तीन वर्ग ठरले. त्यांतील दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांना कीर्तिचक्र व शौर्यचक्र हीं नांवें १९६७ नंतरचीं. १९५५ च्या प्रसंगाचें वर्णन करितांना "त्यांच्या छातीवर शौर्यचक्र झळकलें" असें लिहिणारा चरित्रकार, शिवकालीन पत्रांत पेशवाई मायना घुसडणाऱ्या बनावट कागदाइतकाच पकडला जातो.

स्थापनेच्या मितीचा आणखी एक अर्थ आहे, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुळगांवकर व त्यांचे सोबती ज्या वेळीं काश्मीरच्या दऱ्यांतून विमानें नेत होते, त्या वेळीं महावीरचक्र नांवाची वस्तु अस्तित्वांतच नव्हती. पदकाच्या लोभानें लढल्याचा आरोप त्या पिढीवर निदान या पदकापुरता तरी कोणाला करतां यावयाचा नाहीं. त्याच युद्धांतील मेहेरसिंग हे दुसरें उदाहरण. मे १९४८ मध्यें लेहच्या कच्च्या धांवपट्टीवर पहिलें विमान उतरविणारे ते हेच. त्यांच्यापाशीं इंग्रजी राजवटीचें डी. एस. ओ. होतें आणि प्रजासत्ताकाचें महावीरचक्रही होतें. एकाच छातीवर दोन राजवटींच्या सनदा! अशा वेळीं दाता कोण हें न लिहितां केवळ "अनेक सन्मान लाभले" असें लिहिणें म्हणजे इतिहासाचा अर्धा भाग पुसून टाकणें होय.

पदकाच्या आकृतीविषयीं थोडें विषयांतर क्षम्य व्हावें. परमवीरचक्राची व त्याच्या सोबतच्या चक्रांची आकृति सावित्रीबाई खानोलकर यांनीं सिद्ध केली. मूळच्या त्या युरोपांतल्या, जन्म स्वित्झर्लंडमधील. विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशीं विवाह करून त्या या देशाच्या झाल्या व संस्कृत शिकल्या. परमवीरचक्रावर त्यांनीं इंद्राचें वज्र योजिलें. दधीचि ऋषीनें आपल्या अस्थि दिल्या आणि त्यांचें वज्र झालें, ही कथा सर्वांस विदित आहेच. या कथेंत वृत्राला मारण्याची कीर्ति इंद्राची, आणि अस्थि दुसऱ्याच्या. सावित्रीबाईंनीं हा अर्थ मनांत धरला होता कीं नाहीं हें मी सांगूं शकत नाहीं, परंतु तें चिन्ह पाहिलें कीं मला तो आठवल्याशिवाय राहत नाहीं.

आतां प्रशस्तीकडे वळूं. पदकासोबत एक लहानसा गद्य मजकूर असतो व तो राजपत्रांत छापला जातो. आपले चरित्रकार त्याचें भाषांतर करून त्यालाच पुरावा मानतात. हा मजकूर वाचतांना मला अलाहाबादच्या स्तंभावरील हरिषेणाची आठवण होते. समुद्रगुप्ताची प्रशस्ति रचणारा हरिषेण हा त्याचाच सांधिविग्रहिक व महादंडनायक होता. म्हणून आपण त्याच्या प्रशस्तींतील विशेषणें बाजूस ठेवितों आणि जिंकलेल्या राजांची नांवनिशी उचलतों. ऐहोळेच्या लेखांत (शके ५५६) रविकीर्तीनें पुलकेशीकडून झालेला हर्षाचा पराभव वर्णिला आहे. त्याला आपण मान देतों याचें एक कारण असें कीं, ह्युएनत्संग या परक्या प्रवाशाच्या लेखनांतही हर्षाला महाराष्ट्राचा राजा जिंकतां आला नाहीं असें आहे. विशेषणांवर विश्वास न ठेवणें आणि परक्याची साक्ष शोधणें, हे दोन नियम येथेंही लागू करावे.

ते लागू केल्यानें वीराची हानि होते असें कोणी समजूं नये. १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरच्या तळावर सहा सेबर विमानांचा हल्ला चालूं असतां निर्मलजितसिंग सेखों यांनीं आपलें लहानसें नॅट विमान उडविलें आणि ते एकटे झुंजले. हवाई दलांतील परमवीरचक्र आजवर त्या एकट्यांनाच मिळालें आहे. त्यांनीं शत्रूचीं किती विमानें निकामी केलीं याविषयीं दोन्ही पक्षांचे हिशेब जुळत नाहींत. मात्र पाकिस्तानच्या हवाई दलांतील सलीम बेग मिर्झा यांनीं त्या झुंजीविषयीं लिहितांना सेखोंच्या धैर्याची मुक्तकंठानें वाखाणणी केली आहे. येथें ह्युएनत्संगाचें काम प्रत्यक्ष प्रतिपक्षानेंच केलें! आमचे लेखक मात्र ही साक्ष सोडून विमानांच्या आंकड्यावर वाद घालीत बसतात. आंकडा एकानें कमी झाला तर सेखों कमी शूर ठरतील काय?

आंकड्यावर पदक बांधल्यास काय होतें याचा दाखला जर्मनीनें पहिल्या महायुद्धांत दिला आहे. जानेवारी १९१६ मध्यें बोएल्के व इमेलमान या दोघांना आठ-आठ विमानें पाडल्यावर तेथील सर्वोच्च मान मिळाला. एका वर्षानें रिश्टोफेन याला त्याच मानासाठीं सोळा विमानें पाडावीं लागलीं. नाणें जसें धातूचा कस बदलल्यानें बदलतें तसाच हा प्रकार. पदकाचें नांव तेंच, पण १९१६ चें पदक आणि १९१७ चें पदक एका तराजूंत घालतां येत नाहीं.

आपल्याकडे असा आंकड्यांचा बाजार नाहीं, ही समाधानाची गोष्ट. जगमोहन नाथ यांचा दाखला पाहावा. कॅनबेरा विमानांतून शत्रूच्या प्रदेशावर जाऊन छायाचित्रें आणणें हें त्यांचें काम. १९६२ आणि १९६५ अशा दोन्ही युद्धांबद्दल त्यांना महावीरचक्र मिळालें. शत्रूचें विमान पाडणें हें त्यांत कोठेंच नाहीं. असें काम जितकें गुप्त तितकी त्याची प्रशस्ति मोघम असावयाची, आणि मोघम प्रशस्ति वाचून लेखकही त्याला मोघमच वाक्यें देतो. पद्मनाभ गौतम यांनाही १९६५ व १९७१ असें दोनदां महावीरचक्र मिळालें. तेही कॅनबेराचे वैमानिक. दुसऱ्यांदा तेंच पदक मिळालें म्हणजे नवें पदक न देतां फितीवर एक आडवी पट्टी बसवितात. सैन्यांत तिला 'बार' म्हणतात. ही पट्टी मराठी यादींत बहुधा गळते, आणि तिच्याबरोबर एक संपूर्ण युद्ध गळतें. दोनदां महावीरचक्र मिळविणारे आजवर अवघे सहा. त्यांत वैमानिक हे दोघेच आणि मराठी माणूस एक, जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य. म्हणजे गळालेली पट्टी ही क्षुल्लक शुद्धलेखनाची चूक नव्हे. गौतम १९७२ सालीं पुण्याजवळ मिग विमानाच्या अपघातांत गेले. दोन युद्धांतून सुखरूप आलेला हा माणूस शांततेच्या काळांतील उड्डाणांत गेला. वैमानिकाचा धंदा पदकांच्या यादीवरून कळत नाहीं तो असा.

पदकाला साक्षीदार लागतो. ज्याचें विमान शत्रूच्या हद्दींत पडलें व जो परत आला नाहीं, त्याच्या शेवटच्या घटकेची प्रशस्ति कोणीं लिहावी? विजय वसंत तांबे या तरुण मराठी वैमानिकाचें नांव १९७१ च्या बेपत्ता सैनिकांच्या यादींत आहे. पदकांवरून शौर्याचा इतिहास रचणाऱ्यानें ती यादीही शेजारीं ठेवावी.

आमच्या धरणगांवच्या मातींत या प्रश्नाचें एक जुनें रूप आहे. १८२५ सालीं जेम्स औट्रम यानें खानदेशी भिल्लांची पलटण येथें उभी केली. पुढें तो बॅरोनेट झाला, १८६३ सालीं मेल्यावर वेस्टमिन्स्टरच्या मंदिरांत त्याला विसावा मिळाला, कलकत्त्यास त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. पलटणींतले भिल्ल पलटण या एकवचनांतच राहिले. उलट पेशवे दप्तरांतील कागद पाहावे. कोणाला सोन्याचें कडें, कोणाला पोशाख, कोणी कामास आला तर त्याच्या मुलांस बालपरवेशी. आणि बहुधा प्रत्येक नोंदीस 'अमक्या लढाईंत जखमी झाले सबब' अशी जोड. तो कारकून आजच्या गौरविकाकारापेक्षां चांगला इतिहासकार होता असें मला प्रामाणिकपणें वाटतें, कारण तो 'सबब' लिहावयास विसरत नसे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मीं नंतर विचारलें कीं, तुमच्या तळावरच्या वैमानिकाला पदक मिळालें तेव्हां तुम्हांला काय वाटलें. तो म्हणाला, त्या रात्रीं आम्हीं मिठाई वांटली, आणि पहांटे नेहमीप्रमाणें विमानाखालीं शिरलों.

फलक दुरुस्त करण्याची परवानगी मागून मिळाली आहे. 'शौर्यपदकें' हें शीर्षक काढून 'शौर्य' आणि 'सेवा' असे दोन रकाने पाडले आहेत, व तिसरा रकाना 'सबब' म्हणून ठेविला आहे. मुळगांवकरांच्या शौर्याच्या रकान्यासमोर 'काश्मीर, १९४७-४८' असें लिहिलें. इतर नांवांपैकीं निम्म्यांचा तिसरा रकाना अद्याप कोरा आहे. त्यासाठीं राजपत्रांचे जुने अंक पाहण्याचें काम चालूं आहे.