गोधडीची रेषा आणि यंत्राची सुई

आषाढात रत्नागिरीस पावसाची झड लागली आणि दांडीवरचे कपडे चार-चार दिवस दमट राहू लागले, म्हणजे माळ्यावरच्या पेटीतून ज्या गोधड्या खाली उतरतात, त्यांस कलाकृती म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे नव्हता. जुनी लुगडी, धोतरे आणि पंचे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव करावयाचे, हा गृहिणीच्या काटकसरीतला मामुली जिन्नस. संगणकाच्या आज्ञेबरहुकूम चालणाऱ्या लांब हाताच्या शिवणयंत्रांची, म्हणजे ‘लाँगआर्म’ची, कला आज कोठवर आली आहे हे तपासताना मात्र मला त्या पेटीकडेच पुन्हा पुन्हा वळावे लागते.

या यंत्रात वरचे कापड, मधला कापूस आणि खालचे अस्तर रुळांवर ताणून बसवितात, आणि सुईचे डोके चाकांवरून चौफेर फिरते. पूर्वी कारागीर कागदावर छापलेल्या नक्षीवरून प्रकाशाचा ठिपका हाताने फिरवी व सुई त्याच्या मागोमाग चाले; आता नक्षी बिंदूंच्या अनुक्रमाने संगणकात साठविलेली असते, आणि एक आडवी व एक उभी गती देणाऱ्या मोटारी सुईला त्या बिंदूंवरून नेतात. सुई मध्येच उचलली तर दोरा तोडून गाठ मारावी लागते. म्हणून निष्णात नक्षीकार अशी रेषा योजतो, की जी एका कडेने आत शिरून, कोठेही खंड न पडता, दुसऱ्या कडेस त्याच उंचीवर बाहेर पडावी आणि तिला पुढची आवृत्ती बेमालूम जुळावी. हे बुद्धीचे काम आहे. त्यास कलेची सनद नाकारणे अन्यायाचे होईल.

माझी तक्रार यंत्राविषयी नाही. 1804 मध्ये फ्रेंच विणकर जॅकार्डने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून मागाला नक्षी शिकविली, तेव्हापासून नक्षी आणि हात यांची फारकत सुरू झालेलीच आहे. तक्रार आहे ती नक्षीच्या दारिद्र्याविषयी. विकत घेतलेले तेच पीस, त्याच लाटा आणि तीच वेलबुट्टी कोणत्याही रजईवर कडेपासून कडेपर्यंत पसरली जाते. खाली कोणते कापड आहे, त्याचा काठ कोठून गेला आहे, याची त्या रेषेस दखलच नसते.

आमच्या घरी आजीच्या हातची एक गोधडी आहे. तिचे टाके चारी कडांनी आत आत येत चौकोनावर चौकोन रचीत जातात. परंतु एके ठिकाणी हिरव्या लुगड्याचा जाड काठ मध्ये आला आहे, आणि तेथे टाक्यांची ओळ बोटभर बाजूस सरून, काठाच्या अंगाअंगाने जाऊन, पुढे पुन्हा आपल्या जागी आली आहे. तो वळसा पूर्वी योजलेला नव्हता. सुई अडली त्या क्षणी तो हाताला सुचला. यंत्राची सुई अशा जाडीवर अडखळते, म्हणून यंत्राला सारख्या जाडीचे नवे कोरे कापडच मानवते. जुने कापड बाहेर राहिले, की त्याच्याबरोबर हा वळसाही बाहेर राहतो. ही यंत्रे जेथे रुळली त्या अमेरिकेतच, अलाबामातील गीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून हाताने शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात मांडल्या गेल्या, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आणि रेषांचा तुटवडा निदान रत्नागिरीस तरी नाही. उक्षी, जांभरुण, बारसू येथील जांभ्याच्या सड्यावर प्राचीन माणसाने प्राण्यांच्या आकृती केवळ बाह्यरेषेने कोरल्या आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांबीचा, आणि त्याच्या देहाच्या आत इतर प्राण्यांची गर्दी. 2022 मध्ये ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. रेषेच्या पोटात रेषा साठविण्याची ही रीत अखंड दोऱ्याच्या नक्षीस किती अनुकूल आहे, हे जाणकारास सांगावयास नको. चैत्रात अंगणी काढल्या जाणाऱ्या चैत्रांगणाच्या रांगोळीचेही तेच. कोणी कसबी नक्षीकाराने ही सामग्री संगणकात उतरविण्याची तजवीज केली, तर या कलेस प्रथमच आपल्या मातीचे वळण लाभेल.

तोवर एक काम मात्र कोणासही करता येईल. ज्या घरी आजी-पणजीच्या हातची गोधडी अद्याप शिल्लक असेल, त्यांनी ती विरून जाण्यापूर्वी उलटी पसरावी, तिच्या पाठीवर पातळ कागद ठेवावा, आणि टाक्यांची रेषा तिच्या सर्व वळशांसह पेन्सिलीने उतरवून घ्यावी.