पुरावा : कोर्टातला आणि इतिहासातला

हिंगोलीच्या उत्तरेची पैनगंगा १९४७ साली निजामाच्या राज्याची सरहद्द होती. पलीकडे उमरखेडच्या बाजूला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. नदीपारहून हत्यारे येत, हे मी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकत वाढलो. गांधीहत्येच्या कटाची कागदपत्रे वाचताना म्हणूनच मी एका तपशिलाशी अडखळलो.

पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे हैदराबादच्या सरहद्दीसाठी शस्त्रे पुरवीत असे. खुद्द नथुराम गोडसे हैदराबादच्या निःशस्त्र प्रतिकारात तुरुंगात गेला होता. तेव्हा बडगेकडे हातबॉम्ब होते, एवढ्यावरून दिल्लीचा कट सिद्ध होत नाही. ते बॉम्ब २० जानेवारी १९४८ रोजी बडगेसह बिर्ला भवनापर्यंत पोचले, मदनलाल पाहवाने तिथे स्फोट केला, तेव्हा मात्र त्यांचा अर्थ बदलतो. वस्तू तीच, स्थळ आणि वेळ तिला पुरावा बनवतात.

पुढे बडगे माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश आत्मा चरण यांना त्याची साक्ष खरी वाटली. पण सावरकरांविरुद्ध तिला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी ते निर्दोष सुटले. कपूर आयोगाने १९६९ च्या अहवालात सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि चिटणीस गजानन दामले यांचे मार्च १९४८ मधले पोलीस जबाब विचारात घेतले. स्फोटानंतर गोडसे-आपटे सावरकरांना भेटले, असे त्यांत होते. त्यावरून आयोगाने सावरकर आणि त्यांच्या गटाकडे बोट दाखवले.

आपल्याकडच्या लेखनावर माझा आक्षेप इथे आहे. एक पक्ष १९४९ ला थांबतो, दुसरा १९६९ पासून सुरू करतो. निर्दोष सुटका म्हणजे इतिहासाचा निकाल नव्हे. तसेच पोलीस जबाब म्हणजे साक्ष नव्हे. त्या दोघांना कोर्टात उभेच केले गेले नाही, त्यामुळे उलटतपासणी झाली नाही; आणि सावरकर १९६६ मध्येच वारले होते. शिवाय आयोग नेमला होता तो कटाची आगाऊ माहिती कोणाला होती हे शोधण्यासाठी, खटला पुन्हा चालवण्यासाठी नव्हे.

मीही पूर्वी एका लेखात ‘निर्दोष सुटले, विषय संपला’ असे लिहिले होते. ते वाक्य मी आज मागे घेतो. त्याच्या जागी उलटे वाक्य मात्र लिहीत नाही. ते दोन साक्षीदार कोर्टात का आले नाहीत, हा प्रश्न तेवढा लिहून ठेवतो.