तळीरामाची बैठक आणि सिंधूचे मौन

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले. त्यानंतर महिनाभरातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. शंभरावर वर्षे लोटली तरी मराठी माणूस दारूविषयी बोलू लागला की याच नाटकाकडे वळतो.

वकिलीच्या सनदेवर गदा आल्याच्या अपमानात सुधाकर पहिला प्याला घेतो आणि त्याचा संसार धुळीस मिळतो, असा या नाटकाचा सर्वमान्य अर्थ आहे. त्यातील आर्यमदिरामंडळाचे प्रवेश विनोदासाठी घातले आहेत, असे समजून आपण हसतो आणि पुढे जातो. माझ्या मते नाटकाचे मर्म तेथेच आहे. शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीत बसतात, मद्याची थोरवी गातात आणि व्यसनाला सभेची प्रतिष्ठा देतात. पहिला प्याला दुःखाने भरला असेल, परंतु पुढचे सारे प्याले ही बैठक भरते. शीर्षक प्याल्याला दोष देते, प्रवेश मात्र बैठकीकडे बोट दाखवतात.

आपल्याला हा भेद विशेष जाणवावा. 'प्याला' हा शब्द आपण वेदीपाशीही ऐकतो. मिस्सासाठी द्राक्षांचा शुद्ध रसच हवा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे, आणि संत पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले होते. म्हणून वस्तूच पापी, असे आपण म्हणू शकत नाही. तरीही सुधाकरासारख्यांना एक प्यालाही घातक ठरतो, हे गडकऱ्यांचे निदान अचूक आहे.

आजची बैठक निराळी दिसते. शेजारच्या नाशिकची वाइन कोणत्या पदार्थाबरोबर घ्यावी, कोणती व्हिस्की अधिक मुरलेली, याची चर्चा आता लग्नघरांतही रंगते. अशा रसिकतेत मुळात काही वाईट नाही. पण आपल्याच जिल्ह्यात उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो आणि त्याचीच देशी दारू मजुराच्या हाती येते. २०१७ साली पांगरमलला विषारी दारूने माणसे दगावली. त्या दारूच्या चवीवर कोणी मत दिले नाही. चवीची चर्चा चालते ती बाटलीवर नाव असेल तरच.

आणि त्या चर्चेत सिंधूला जागा नसते. ती दळण दळते, पतीच्या हातून तान्हे मूल गेले तरी मरतेसमयी फौजदारापुढे त्याचा गुन्हा झाकते. प्रेक्षक तेथे रडतात. मला मात्र नाटकाची उणीव तेथेच दिसते. गडकऱ्यांनी तिच्या मौनाला पातिव्रत्याचे तेजोवलय दिले. तळीरामाची बायको गीता रोखठोक बोलते, पण तिचे बोल हशात विरतात. ज्या नाटकाने दारूची बैठक इतक्या धीटपणे उघडी पाडली, त्याने घरातल्या बाईला साक्ष देण्याचा अधिकार नाकारला.

आपल्या धर्मग्रामातील वाचनमंडळांनी हे नाटक पुन्हा वाचावे. वाचताना तळीरामावर जरूर हसावे, पण नंतर एकेका घरातील आईला आणि पत्नीला विचारावे : तुमचे या बैठकीविषयी काय मत आहे? त्यांचे उत्तर पूर्ण ऐकून घेतल्यावाचून कोणत्याही पेयाच्या चवीचा निवाडा पुरा होत नाही.