वाळवंट रिकामे नसते

प्रवासवर्णन हा मराठी वाचकाच्या आवडीचा वाङ्मयप्रकार आहे. अमेरिकेवरील आपल्या लेखनात मात्र त्या देशाच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी मुलखाच्या वाट्याला बहुधा एखादेच प्रकरण येते. लास वेगासहून मोटार काढायची, झायन आणि ब्राइसची शिखरे पाहायची, ग्रँड कॅन्यनच्या कठड्याशी उभे राहून सूर्यास्ताचे छायाचित्र घ्यायचे आणि तिसऱ्या दिवशी परत फिरायचे, असा त्या प्रकरणाचा ठरलेला क्रम असतो. नेवाडा, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांत पसरलेला तो प्रदेश काचेतून भव्य दिसतो आणि ओसाड दिसतो. ही दोन विशेषणे लिहून लेखक मोकळा होतो. त्यांपैकी दुसऱ्या विशेषणाबद्दल आमची तक्रार आहे.

आपल्या धर्मग्रामांतील किती तरी घरांची मुले आज अमेरिकेत स्थायिक आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाणारे आईवडीलही हा प्रवास करू लागले आहेत. अशा प्रवाशाने आणि घरी बसून प्रवास करणाऱ्या वाचकानेही कोणती पुस्तके हाती धरावीत, या विचाराने आम्ही येथे तीन इंग्रजी ग्रंथांचा परामर्श घेत आहोत. एडवर्ड ॲबी यांचे 'डेझर्ट सॉलिटेअर' (१९६८), विला कॅथर यांची 'डेथ कम्स फॉर द आर्चबिशप' ही कादंबरी (१९२७) आणि मेरी ऑस्टिन यांचे 'द लँड ऑफ लिटल रेन' (१९०३) हे ते तीन ग्रंथ होत.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत 'वाळवंट' म्हटले की वाळूच डोळ्यांपुढे येते. 'मरुभूमी' या शब्दात तर मरणच दडलेले आहे. अमेरिकेचा हा मुलूख बव्हंशी दगडाचा, झुडपांचा आणि निवडुंगांचा आहे. येथे ज्युनिपरची वाकडीतिकडी झाडे आहेत, सग्वारो नावाच्या उंच निवडुंगाच्या खोडात सुतारपक्षी घरटी कोरतात, आणि कांगारू उंदीर हा चिमुकला प्राणी पाण्याचा थेंबही न पिता कोरड्या बियांवर जगतो. मराठी बायबलमध्ये इस्राएली लोक जेथे भटकले त्या निर्जल प्रदेशाला 'रान' म्हटले आहे. आम्हांला तोच शब्द येथे अधिक जवळचा वाटतो. रानात कोणी तरी राहत असते.

ॲबी १९५६ आणि १९५७ च्या उन्हाळ्यांत युटा राज्यातील आर्चेस येथे हंगामी वनरक्षक होते. जवळच्या गावाचे नाव मोआब. बायबलच्या वाचकाला हे नाव परके नाही. सरकारने दिलेल्या चाकांच्या घरात राहावे, वाटांची देखरेख करावी, प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, असे ते काम होते. एकाहून अधिक उन्हाळ्यांचे अनुभव त्यांनी पुस्तकात एकाच उन्हाळ्यात गुंफले आहेत. पहिल्या पहाटेपासून शरदातील निरोपापर्यंतचा तो एकच हंगाम वाचकाला सलग वाटतो.

पुस्तकाचे बळ पाहण्याच्या रीतीत आहे. ॲबी निसर्गावर कविकल्पनांचे शेले पांघरीत नाहीत. ज्युनिपरचे एक झाड त्यांच्या दारी उभे आहे. त्याचे मर्म आपल्याला कळावे म्हणून ते दिवसचे दिवस त्याच्याकडे पाहतात आणि ते कळत नाही हे मान्य करतात. घराखाली विषारी खुळखुळ्या साप येऊ लागले तेव्हा ते गोफर जातीचा एक बिनविषारी साप घरात आणून ठेवतात. पुढे तसेच दोन साप एकमेकांना विळखे घालून डोलताना दिसतात, आणि हा धिप्पाड मनुष्य पोटावर सरपटत त्यांच्याजवळ जातो. प्राणी दाखवणारे लेखक पुष्कळ असतात. प्राण्यापुढे आपले शरीर जमिनीला टेकवणारे थोडे. याच पुस्तकात ॲबी केवळ एक प्रयोग म्हणून सशाला दगड मारून ठार करतात आणि त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करीत नाहीत. हा प्रसंग आम्हांला खटकतो. तथापि तो लपवला नाही, यात लेखकाचा प्रामाणिकपणा आहे. ज्याला रान आवडते तो सदासर्वकाळ सौम्य असतो, हा आपला गोड समज त्यामुळे गळून पडतो.

पुस्तकातील सर्वांत गाजलेले प्रकरण मोटारींविरुद्धचे आहे. राष्ट्रीय उद्यानांत खाजगी मोटारींना मज्जाव करावा, लोकांना पायी, सायकलीने वा घोड्यावरून हिंडू द्यावे, असा ॲबी यांचा आग्रह होता. त्या काळी ही सूचना विक्षिप्त वाटली असेल. परंतु झायनच्या मुख्य दरीत २००० सालापासून वर्षातील बराच काळ खाजगी मोटारी बंद असतात आणि उद्यानाच्या बसगाड्या धावतात. आर्चेसमध्ये तर गर्दी इतकी वाढली की २०२२ साली प्रवाशांना आगाऊ वेळ घेऊन प्रवेश देण्याची पद्धत सुरू करावी लागली. या गर्दीला ॲबी यांच्या पुस्तकाची कीर्तीही थोडीबहुत कारणीभूत झाली, हा त्या पुस्तकाचा दैवदुर्विलास होय.

ग्लेन कॅन्यनचे प्रकरण आम्हांला याहून श्रेष्ठ वाटते. १९५९ साली एका मित्रासमवेत ॲबी रबरी होड्यांतून कोलोरॅडो नदीवर या दरीत उतरले. खालच्या बाजूस धरण बांधले जात होते. ही दरी लवकरच पाण्याखाली जाणार हे ठाऊक असून ते प्रत्येक वळणाचे, प्रत्येक झऱ्याचे वर्णन करीत जातात. त्यात मृत्युशय्येजवळ बसलेल्या माणसाची उत्कटता आहे. १९६३ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि लेक पॉवेल हा जलाशय भरू लागला. दुष्काळामुळे २०२३ च्या आरंभी तो भरल्यापासूनच्या नीचांकी पातळीला उतरला आणि बुडालेल्या कित्येक उपदऱ्या पुन्हा उजेडात आल्या. आज ते प्रकरण वाचताना हा नवा संदर्भ आपोआप जोडला जातो.

एवढी स्तुती केल्यावर दोषही सांगितला पाहिजे, आणि तो किरकोळ नाही. पुस्तकाच्या नावातच एकान्त आहे. परंतु हा एकान्त अंशतः रचलेला आहे. त्या काळातील काही दिवस लेखकाची पत्नी आणि तान्हा मुलगा त्यांच्यासोबत तेथे राहिले होते, हे चरित्रकारांनी दाखवून दिले आहे. पुस्तकात त्यांना जवळजवळ जागाच नाही. कलावंताने अनुभवाची काटछाट करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण काटछाट नेहमी माणसांचीच का व्हावी? शेजारच्या नावाहो लोकांविषयी ॲबी लिहितात तेव्हा त्यांच्या दारिद्र्याची आणि वाढत्या लोकसंख्येची चर्चा होते. एकही नावाहो स्त्री वा पुरुष आपल्याशी पानभर बोलत नाही. सापाजवळ पोटावर सरपटत जाणारा लेखक शेजाऱ्याच्या दारात मात्र उभा राहत नाही.

येथे कॅथर यांची कादंबरी मदतीला येते. तिचा नायक बिशप लातूर हा सांता फेचे पहिले बिशप जाँ-बातिस्त लामी यांच्यावरून घडवलेला आहे. फ्रान्समध्ये १८१४ साली जन्मलेले लामी १८५१ साली सांता फेला पोहोचले, १८७५ साली आर्चबिशप झाले आणि १८८८ साली वारले. कॅथर स्वतः कॅथोलिक नव्हत्या. बाप्तिस्त घरात वाढून त्या १९२२ साली एपिस्कोपल पंथात गेल्या. तरीही एका मिशनरी धर्मगुरूचा एकाकीपणा त्यांनी ज्या संयमाने रेखाटला आहे, त्याला तोड नाही.

कादंबरीच्या आरंभीच लातूर एकसारख्या दिसणाऱ्या लाल टेकड्यांत वाट चुकतो. पाणी संपलेले असते. क्रुसाच्या आकाराच्या एका ज्युनिपरपाशी तो घोड्यावरून उतरून प्रार्थना करतो. पुढे जनावरांनाच पाण्याचा वास लागतो आणि ती त्याला एका झऱ्याकाठच्या वस्तीवर नेतात. तेथे मेक्सिकन कुटुंबे शेती करीत सुखाने नांदत असतात. क्षणापूर्वी निर्जन वाटलेल्या मुलखात माणसे होती, फक्त परक्याला ती दिसत नव्हती. आमच्या मते सगळ्या कादंबरीची किल्ली या प्रसंगात आहे. पुढे हासिंतो हा प्वेब्लो वाटाड्या आणि युसाबियो हा नावाहो मित्र यांच्याबरोबरच्या प्रवासांत लातूर शिकतो की मुक्काम हलवताना आपली खूणही मागे राहू नये, अशी या लोकांची रीत आहे. परक्याला हा देश रिकामा दिसतो याचे एक कारण त्या रीतीत आहे.

कॅथर यांची बाजूही निर्दोष नाही. ताओसचे पाद्रे मार्टिनेझ ही ऐतिहासिक व्यक्ती त्यांनी खलनायकासारखी रंगवली. न्यू मेक्सिकोच्या स्पॅनिशभाषी लोकांना हे चित्र अन्यायाचे वाटत आले आहे, आणि ते रास्त आहे. त्यांची नजर बहुतांशी फ्रेंच बिशपच्या खांद्यावरून पाहते. तथापि १८६४ साली नावाहो लोकांना सैन्याने त्यांच्या भूमीतून हाकलले आणि १८६८ साली त्यांना परतू दिले, ही हकीकत कादंबरीच्या शेवटच्या भागात आहे, आणि त्यात कॅथर यांची सहानुभूती कोणाकडे आहे याबद्दल शंका राहत नाही.

तिघांत वयाने सर्वांत थोर पुस्तक ऑस्टिन यांचे. वाचकप्रियतेत ते मागे पडले असले तरी आम्ही त्याला अग्रमान देऊ. पूर्व कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोऱ्याच्या परिसरात लेखिका वर्षानुवर्षे राहिल्या. पाण्याकडे जाणाऱ्या वाटांवरचे त्यांचे प्रकरण प्रत्येक प्रवाशाने वाचावे. ससे, उंदीर, लावे, कोल्ह्यासारखे कायोटी या साऱ्यांच्या पायवाटा झऱ्याकडे कशा उतरतात, कोणता प्राणी कोणत्या प्रहरी येतो, हे त्या सावकाश सांगतात. त्याच प्रकरणात शोशोनी लोकांनी झऱ्याची दिशा दाखवण्यासाठी रचलेल्या दगडांची खूणही येते. प्राण्यांची वाट आणि माणसाची खूण एकाच प्रकरणात, एकाच आदराने. टोपल्या विणणाऱ्या एका पायूट स्त्रीचे व्यक्तिचित्र या पुस्तकात आहे, आणि शेवट द्राक्षवेलींच्या एका छोट्या मेक्सिकन गावात होतो. तेथील सण, धर्मगुरू आणि शेजारधर्म यांचे वर्णन आपल्या गावांतील वाचकाला ओळखीचे वाटेल. या खोऱ्याचे पाणी पुढे १९१३ साली पूर्ण झालेल्या कालव्याने लॉस एंजेलिस शहराने नेले.

'ओसाड' या शब्दाला आम्ही इतके का धरून बसलो, असे कोणी विचारील. शब्दांना परिणाम असतात म्हणून. १६ जुलै १९४५ रोजी जगातील पहिला अणुस्फोट न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात करण्यात आला, तो निर्जन जागा म्हणून. जवळच्या तुलारोसा खोऱ्यात शेतकरी आणि पशुपालक कुटुंबे राहत होती. किरणोत्सर्गाने बाधित झालेल्यांना भरपाई देणारा कायदा अमेरिकेने १९९० साली केला. या कुटुंबांचा समावेश त्यात झाला तो २०२५ साली. नावाहो भूमीवर १९४४ ते १९८६ या काळात युरेनियमचे खनन चालले आणि पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून देण्यात आल्या. नकाशावर जेथे कोणी नाही असे लिहिलेले असते, तेथे काय टाकावे याचा विचार कोणी करीत नाही.

लगूना प्वेब्लो वंशाच्या लेखिका लेस्ली मार्मन सिल्को यांनी १९८६ सालच्या एका निबंधात या दृष्टिदोषाचे मूळ नेमके दाखवले आहे. 'निसर्गदृश्य' हा शब्दच त्यांना मान्य नाही. त्यात पाहणारा बाहेर उभा असतो असे गृहीत धरलेले असते, आणि त्यांच्या लोकांच्या लेखी माणूस हा त्या डोंगर-दगडांइतकाच त्या भूमीचा भाग आहे. ग्रँड कॅन्यनच्या कठड्यावर छायाचित्र घेणाऱ्या आपल्या प्रवासवर्णनकाराला हा निबंध कोणी तरी वाचायला द्यावा.

उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्याने दिवसाची रीतही या पुस्तकांकडून शिकावी. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दरीतील चढउतार टाळावा, असे ग्रँड कॅन्यनचे वनरक्षक सांगतात. वाळवंटातील प्राणी तो नियम फार पूर्वीपासून पाळत आले आहेत. पहाटे लांब कानांची हरणे दिसतील. जुलैच्या पावसाच्या पहिल्या सरीनंतर ॲरिझोनात जमिनीखाली दडलेले बेडूक बाहेर येऊन रात्रभर ओरडतील. ग्रँड कॅन्यनवर घिरट्या घालणारे कॅलिफोर्निया काँडोर गिधाड नशिबाने दिसले, तर त्याच्या पंखावरचा क्रमांक पाहावा. १९८२ साली या जातीचे केवळ २२ पक्षी उरले होते. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी १९९६ पासून ॲरिझोनात सोडण्यात आले. त्या क्रमांकामागे माणसांची चिकाटी आहे.

वाचनाचा क्रम आम्ही असा सुचवू. आधी ऑस्टिन, कारण त्या शेजाऱ्यासारख्या बोलतात. मग कॅथर, आणि अखेरीस ॲबी. हा क्रम उलट केल्यास ॲबी यांच्या तेजस्वी एकान्ताने डोळे दिपतात आणि माणसे दिसेनाशी होतात. आमच्या प्रवासवर्णनकारांना मात्र एकच विनंती आहे. पुढच्या खेपेस सात ठिकाणे पाहण्याऐवजी एका ठिकाणी तीन दिवस राहा, दारातल्या झाडाचे नाव विचारा, आणि ज्याच्याकडून ते नाव कळेल त्याचेही नाव लिहून आणा.