रडारला दगड दिसत नाही

सप्टेंबर २०१५ मध्ये इंग्लंडमधली एक बातमी जगभर गाजली. स्टोनहेंजपासून सुमारे ३ किलोमीटरवर डरिंग्टन वॉल्स नावाचे स्थळ आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा हा वर्तुळाकार मातीचा बांध सुमारे ५०० मीटर व्यासाचा आहे. त्या बांधाखाली ९० पर्यंत प्रचंड शिळा आडव्या गाडलेल्या असाव्यात आणि काहींची लांबी साडेचार मीटर असावी, असे बातमीत म्हटले होते. या शिळांवर कुदळ मात्र पडलेली नव्हती. निष्कर्षाचा आधार होता भूभेदी रडारच्या नोंदींचा. सोबत संगणकाने रंगवलेले, ओळीने उभ्या शिळांचे देखणे चित्र होते. ‘असाव्यात’ हा शब्द त्या चित्रात कुठे काढणार?

ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांतल्या दोन ठिकाणी उत्खनन झाले. शिळा निघाल्या नाहीत, निघाले खड्डे. त्यांत एके काळी लाकडाचे जाड खांब उभे होते. ते काढून घेऊन खड्डे चॉकच्या, म्हणजे तिथल्या मऊ पांढऱ्या चुनखडकाच्या, तुकड्यांनी बुजवले होते आणि वर बांध घातला होता.

मग यंत्र चुकले काय? मुळीच नाही. भूभेदी रडार जमिनीत रेडिओलहरी सोडते. जमिनीचे विद्युत गुणधर्म जिथे एकदम बदलतात, तिथून लहरीचा काही भाग परत फिरतो. तो परतायला लागलेल्या वेळावरून खोलीचा अंदाज बांधतात. म्हणजे यंत्र मोजते तो फरक. तो फरक माती व शिळा यांच्यातला आहे, की माती व चॉकचा भराव यांच्यातला, हे लहर सांगत नाही. रडारने ‘इथे ओळीने काहीतरी वेगळे आहे’ असे सांगितले आणि ते खरेच होते. त्या वेगळेपणाला ‘शिळा’ हे नाव माणसाने दिले. स्टोनहेंज जवळच असल्यामुळे ते नाव सुचणे स्वाभाविक होते; पण सुचणे आणि सिद्ध होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. माझा आक्षेप आहे तो मधली पायरी गाळून बातमी देण्याला.

विशेष म्हणजे ही पायरी कशी चढावी याचा धडा याच बांधाच्या शेजारी, ९० वर्षांपूर्वी गिरवला गेला होता. डिसेंबर १९२५ मध्ये गिल्बर्ट इनसॉल या वैमानिकाला तिथे विमानातून एक वर्तुळ दिसले. पुढच्या उन्हाळ्यात त्याच शेतात गहू उभा असताना घेतलेल्या छायाचित्रात वर्तुळाच्या आत गडद ठिपक्यांची कडी दिसली. कारण साधे आहे. बुजवलेल्या खड्ड्यातली माती खोल आणि ओलावा धरणारी असते, त्यामुळे कोरड्या दिवसांत तिच्यावरचे पीक अधिक उंच आणि गडद होते. बुजवलेल्या आडावर पीक कसे येते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण खड्डे दिसले तरी ते कशाचे, हे गव्हाला ठाऊक नव्हते. मॉड कनिंग्टन यांनी १९२६ पासून उत्खनन केले, तेव्हा लाकडी खांबांच्या खड्ड्यांची सहा कडी सापडली. आज ते ठिकाण ‘वुडहेंज’ म्हणून ओळखले जाते.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक वेळी खणायचेच असेल तर ही साधने हवीत कशाला? हवीत, कारण उत्खनन म्हणजे पुराव्याचा नाशही असतो. एकदा खणलेला थर पुन्हा तसाच रचता येत नाही. कुठे खणावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुठे खणू नये, हे ठरवायला सर्वेक्षणासारखे साधन नाही. रस्ते आणि इमारती कुठून न्याव्यात हेही अशा नकाशांवरून ठरते. तिथे उलट चूक जास्त महागात पडते. शिळा ‘दिसल्या’ आणि निघाल्या नाहीत, तर फजिती होते. पण नकाशावर जागा रिकामी दिसली म्हणून तिच्यावरून रस्ता गेला, तर जे नष्ट होते ते कायमचे. वरची आणि खालची माती सारखीच असेल, तर खालचा खड्डा रडारला दिसेलच असे नाही. नकाशावरच्या कोऱ्या जागेचा अर्थ एवढाच, की त्या यंत्राला, त्या दिवशी, तिथे फरक आढळला नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. वर्षभराच्या आत उत्खनन झाले, सर्वेक्षण करणाऱ्या प्रकल्पातले शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते आणि निकाल जाहीर केला गेला. पुढे २०२० मध्ये याच परिसरात सुमारे १० मीटर रुंद खड्ड्यांचे मोठे वर्तुळ सापडल्याचे सांगताना काही खड्ड्यांतून वेधन करून नमुनेही काढले होते. तरीही ते खड्डे नैसर्गिक असतील, अशी शंका इतरांनी घेतलीच. विज्ञान असेच चालते.

शाळेच्या फळ्यावर मात्र शिळांची बातमी लागते आणि खड्ड्यांची बहुधा लागत नाही. दोन्ही बातम्या शेजारी शेजारी लावाव्यात आणि विद्यार्थ्यांना तीन रकाने आखायला सांगावेत : यंत्राने काय मोजले, माणसाने त्याला काय म्हटले, आणि ते तपासले कसे. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ती बातमी अजून पुरी झालेली नाही.