गाण्याची जकात

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून फराळाच्या ताटाशी बसावे आणि आतल्या खोलीतून ‘चाफा’ ऐकू यावा, हे सुख कोणत्या मराठी घराने अनुभवले नसेल? चकलीचा तुकडा मोडता मोडता सारे घर त्या सुरांबरोबर गुणगुणू लागते. अशा वेळी हळूच विचारून पाहावे, की ही कविता कुणाची? बहुतेक जण म्हणतील, ‘लताबाईंची!’ कुणी जाणकार असला तर संगीतकार वसंत प्रभूंचे नाव घेईल. कवीचे नाव सांगणारा मात्र एखादाच निघायचा.

चाल लाभली की कवितेला पाय फुटतात. पुस्तकाच्या कपाटात अडकलेली कविता गावोगाव हिंडू लागते. पण पूर्वी गावात शिरताना नाक्यावर जकात द्यावी लागे, तशी या प्रवासाचीही एक जकात असते. कुणाचे नाव जाते, कुणाचा शब्द जातो, तर कुणाचा अर्थच नाक्यावर ठेवून घेतला जातो. आमच्या वऱ्हाडातल्या चार कवींनी ही जकात कशी भरली, ते पाहण्यासारखे आहे.

‘चाफ्या’चे कवी नारायण मुरलीधर गुप्ते (१८७२–१९४७) यांचे बरेचसे आयुष्य वऱ्हाडात, अकोल्याला सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेले. ‘बी’ या एका अक्षराआड त्यांनी स्वतःच आपले नाव झाकून ठेवले होते. तेव्हा नावाची जकात त्यांनी आधीच भरलेली! ‘फुलांची ओंजळ’ हा त्यांचा संग्रह १९३४ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाला. ‘चाफा’ ही त्यांची कविता वरवर पाहता एका रुसव्याची वाटते. पण तिच्या शेवटी रुसणारा आणि मनधरणी करणारी हे दोघेही उरत नाहीत; द्वैतच मावळते. वसंत प्रभूंच्या चालीने त्या रुसव्याला अवीट गोडवा दिला, यात शंका नाही. मात्र तो गोडवा इतका दाट आहे, की त्याखालचे तत्त्वचिंतन कानाला जाणवत नाही. बींकडून घेतली गेली ती अर्थाची जकात.

त्याच अकोल्याचे डॉ. विठ्ठल वाघ यांच्याकडून घेतली गेली ती निराळीच. ‘अरे संसार संसार’ (१९८१) या चित्रपटातले त्यांचे पेरणीचे गीत अनिल-अरुण यांच्या संगीतात महाराष्ट्रभर गाजले. ‘तिफण’ म्हणजे तीन फणांचे पेरणीचे औत, हे ज्यांनी कधी पाहिले नव्हते त्यांच्याही ओठांवर तो शब्द बसला. हे त्या चालीचे केवढे ऋण! पण वाघांच्या काव्यसंग्रहाचे नाव आहे ‘काया मातीत मातीत’. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो; आमच्या शेतकऱ्याची माती ‘काई’ असते. पडद्यावरच्या गाण्यात ती ‘काळी’ झाली. एका अक्षराचे ते काय, असे कुणी म्हणेल. परंतु त्याच अक्षरात त्या मातीचा वास होता. सर्वांना कळावे म्हणून गाणे प्रमाण भाषेत आणणे व्यवहाराला धरून असेल. तरी ज्याची बोली त्यालाच ती बदलावी लागली, ही खंत राहतेच.

अमरावतीचे सुरेश भट (१९३२–२००३) या नाक्यावरून पुष्कळच ताठ मानेने गेले. त्यांच्या ओळीत वृत्त इतके पक्के बांधलेले असते, की चाल शब्दाला फारशी वाकवू शकत नाही. ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांतली त्यांची गाणी ऐका. हृदयनाथ मंगेशकरांची चाल तिथे शब्दांच्या मागून चालते, आणि म्हणूनच ती मोठी आहे. पुढे अमरावती जिल्ह्यातल्याच आष्टगावच्या भीमराव पांचाळे यांनी मराठी गझलेला गावोगावच्या मैफलींत नेले. गझलेची जकात शेरांत मोजली जाते: गायक त्यातले चार-पाच शेर निवडतो, बाकीचे कागदावरच राहतात. भटांच्या पश्चात, २०१० साली, कौशल इनामदार यांनी त्यांच्या कवितेचे ‘मराठी अभिमानगीत’ चारशेहून अधिक कंठांतून गाऊन घेतले. एवढा मोठा समूह त्या कवितेत सहज सामावला, याचे कारण तिच्या वृत्तात आहे. गुरू-लघूंची पावले तिथे एकाआड एक, कवायतीसारखी पडतात.

उरले यावलीचे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८). शब्द त्यांचे, कंठ त्यांचा आणि हातातली खंजिरीही त्यांचीच. मध्ये नाकाच नाही, मग जकात कसली! मोझरीच्या गुरुकुंजात आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांत रांगेत बसून माणसे सामुदायिक प्रार्थना म्हणत आली. रेकॉर्डने श्रोते घडविले. खंजिरीने गाणारे घडविले. तरी जकात चुकली नाहीच. ती घेतली आम्हा टीकाकारांनी! ‘ग्रामगीता’ (१९५५) आणि शेकडो भजने लिहिणाऱ्या या माणसाला कवितेच्या पंगतीत आम्ही क्वचितच पान मांडले. त्यांची भजने नुसती वाचली तर साधी, कुठे कुठे उपदेशाने जड वाटतात, हे खरे आहे. पण ती नुसती वाचणे हीच चूक. शंभर जणांनी एका ठेक्यात म्हणावे म्हणून केलेल्या रचनेला एकट्याने म्हणायच्या भावगीताचे माप लावणे म्हणजे नांगराने रांगोळी काढता येत नाही म्हणून त्याला नाव ठेवण्यासारखे आहे.

आश्विन वद्य पंचमीला, म्हणजे दिवाळीच्या अगदी तोंडावर, मोझरीला लोटलेला जनसमुदाय दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निर्वाणाच्या क्षणी, स्तब्ध उभा राहतो. जन्मभर लोकांना गायला लावणाऱ्याला ही मूक आदरांजली! त्या शांततेत तरी कवीचे नाव कुणी विसरत नाही.

इतर कवींची जकात आपण घरबसल्या परत करू शकतो. यंदा फराळाच्या वेळी गाणे लागले की ते संपल्यावर मुलांना कवीचे नाव सांगावे, आणि पुस्तक हाताशी असेल तर ती सबंध कविता कुणीतरी मोठ्याने वाचावी. गाणे काही गोडी हरवणार नाही. उलट, आतापर्यंत जे ऐकले त्याच्या आत आणखी किती होते, हे पाहून घरातली वडीलमंडळीही क्षणभर चकलीचा तुकडा हातातच धरून बसतील.